नदी खोदली म्हणजे सुधारली नाही

गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभारला. गाव गावकऱ्यांच्याच श्रमातून घडते, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्याच वऱ्हाडात आज नदी-नाले ‘सुधारण्याचे’ काम पोकलेनकडे आहे. गावकरी काठावर उभे राहून फोटो काढतात.

खोलीकरण झाले की पाणी साठते, हे खरे. पण काठाचा उतार, लव्हाळे आणि उथळ चिखल जातो. मासे अंडी घालतात ती हीच जागा. सरळ कापलेल्या काठाच्या खोल पाण्यात बगळ्याला उभे राहायलाही ठिकाण उरत नाही. असा नाला म्हणजे फक्त लांबट टाकी.

कायदा वाचवेल म्हणावे, तर २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीचे पात्र वगळले. सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेले जलाशयही वगळले. मग अप्पर वर्धासारख्या धरणाचे काय? माणसाने अडवलेले पाणी पाखरांचे नसते काय? नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले, आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले!

कुणी म्हणेल, लोकांना मोकळे सोडले तर ते सगळे ओरबाडून नेतील. त्यांनी भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांकडे पाहावे. तिथे ढिवर समाजाने, विशेषतः बायकांनी, बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे वाढले, पाखरे परतली. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. तलावावर पोट असलेला माणूसच तलाव राखतो. त्याला कुंपणाबाहेर काढले, की राखणदारही गेला आणि ज्ञानही गेले.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नदीत यंत्र उतरण्याआधी ग्रामसभेत भोई-ढिवरांचे म्हणणे ऐका. मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला न देता त्यांच्या सहकारी संस्थेलाच द्या. बेशरम काढणे, काठावर झाडझुडूप लावणे ही कामे रोजगार हमीतून करा. रेतीचा उपसा थांबवा. रेती गेली की डांगरवाड्याही जातात आणि वाळूत अंडी घालणारी टिटवीही.

आता थोडे आपल्या लोकांशी. पर्यावरण हा ‘त्यांचा’ विषय, असे आपल्या मोहल्ल्यात सहज म्हटले जाते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. मग ते पाखरू नदीकाठचे असले तर सवाब कमी होतो काय? जुम्म्याच्या बयानात वजूचे पाणी वाया घालवू नका, असे सांगतो. ते पाणी ज्या नदीतून येते तिचे नावही घेत नाही.

महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला धर्माची अट नव्हती. नदीकाठच्या श्रमदानालाही ती नाही. पुढच्या ग्रामसभेत नदीचा विषय निघाला, तर मशिदीतली माणसेही तिथे बसलेली दिसली पाहिजेत.