फुकट खेळातील विकाऊ योद्धे

२०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि त्यांच्या घरी वर्षश्राद्धही व्हायचे होते, तोच २६ जानेवारी २०२१ रोजी, त्याच खोऱ्यातील झटापटीवर रचलेला ‘फौजी’ नावाचा मोबाइल खेळ बंगळूरच्या एनकोअर गेम्स या कंपनीने विनामूल्य खुला केला. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीस देण्याची घोषणाही त्यासोबत होती, आणि पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यामुळे रित्या झालेल्या लाखो मुलांच्या हाताला देशी पर्याय देण्याचा तो यत्न होता, हे मी नाकारीत नाही. तथापि ज्यांच्या चितेची राख अद्याप निवाली नव्हती त्यांचे अखेरचे क्षण टप्प्याटप्प्यांच्या झुंजीत मांडले जावेत, ही गोष्ट मला तेव्हा खटकली होती. आणि आज भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील कोणत्याही कट्ट्यावर मुलांच्या पडद्यावर सामुराई, व्हायकिंग आणि रोमचा ग्लॅडिएटर एकमेकांवर तुटून पडताना पाहतो, तेव्हा ते खटकणे अधिकच दृढ होते.

युद्धाच्या खेळास माझा विरोध नाही. बुद्धिबळही युद्धच आहे, आणि आपल्या तालमींच्या मातीने शतकानुशतके पोरांची रग जिरवली आहे. माझा आक्षेप या खेळांच्या वसुलीच्या पद्धतीवर आहे, कारण इतिहासाची हानी तेथूनच होते. खेळ विनामूल्य पदरी पडतो. त्यातील योद्धा मात्र पडत नाही. आरंभीच्या चार-दोन लढती मुलगा सहज जिंकतो, मग प्रतिस्पर्धी अकस्मात बलाढ्य होतो, आणि पुढे सरकायचे तर तासन्तास थांबावे किंवा वडिलांच्या फोनवरून ‘डायमंड’ या खेळातल्या चलनाचा ‘टॉप-अप’ मारावा, एवढेच दोन मार्ग उरतात. ते डायमंडही अशा हिशेबाने विकले जातात की खरेदीनंतर थोडे शिल्लक राहावेत आणि त्या शिलकेच्या मोहाने पुढची खरेदी व्हावी. त्यावर कळस म्हणजे नशिबाची पेटी: रक्कम आधी भरायची, आत काय निघेल ते मागाहून कळायचे.

आता ज्याला विकायचे त्याला मोजता आले पाहिजे. म्हणून योद्ध्याचे बळ इतके, चपळाई इतकी, चिलखत इतके, असे आकडे पडतात, आणि जे आकड्यात बसत नाही ते गळून जाते: तो कोणासाठी लढला, कोणाच्या हुकमाने लढला, कोणत्या गावच्या उभ्या पिकात त्याची घोडी चरली, आणि अखेर तो कसा मेला. रोमचे ग्लॅडिएटर बहुतांशी गुलाम आणि युद्धकैदी होते, धन्याच्या करमणुकीसाठी मरत होते, हे सांगितले तर त्यांचे सोनेरी शिरस्त्राण कोण विकत घेईल?

याउलट दिवाळीत मराठी घरांतील मुले अंगणात किल्ला करतात तेव्हा आधी दगडमातीचा डोंगर रचला जातो, बुरूज, वाट, टाके होते, आणि मग बाजारातून आणलेला मातीचा मावळा त्याच्या ठिकाणी उभा राहतो. त्याची किंमत एकदाच दिलेली असते, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा कामी येतो. तेथे स्थळ आधी आणि योद्धा मागाहून आहे, आणि माझ्या मते इतिहासाचा योग्य क्रमही तोच आहे.

आमच्या बीदर-कलबुर्गी मुलखाकडे पाहावे. आनंदपूर येथे १६९९ च्या वैशाखीस गुरु गोविंदसिंहांनी शिर मागितले तेव्हा पुढे आलेल्या पाच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह हे बीदरचे, नाभिक कुळातील. चमकौरच्या विषम लढाईत ते पडले. बीदरच्या किल्ल्यावरचा सर्वांत मोठा आघात तर तलवारीने झालाच नाही: ज्याने गोवा जिंकून दिला आणि भव्य मदरसा उभारला, त्या वजीर महमूद गवानाचा १४८१ मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे शिरच्छेद झाला, आणि पुढल्या काही दशकांत बहमनी दौलतीचे पाच तुकडे झाले. १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच असलेल्या उदगीर येथे १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. तोच इब्राहिमखान पूर्वी निजामाच्या पदरी होता, आणि वर्षही पुरे होण्याआधी पानिपतावर भाऊ आणि तो, दोघेही कामी आले. एका पडद्यावर उजव्या-डाव्या बाजूस दोन वीर उभे करणाऱ्या खेळात इब्राहिमखानाने कोणत्या बाजूस उभे राहावे?

आणि येथे युद्ध हे केवळ दप्तरांतले नाही. ९ मे १९४८ रोजी गोरटा गावी निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी सुमारे दोनशे माणसे मारली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट गेली, आणि त्या पाठोपाठ जो सूड उसळला त्यात अगणित निरपराध मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक पीडित जिल्हे म्हणून नोंदविले आहेत. त्या दोन्ही दुःखांचे वारस आज एकाच गल्लीत राहतात, त्यांची मुले एकाच कट्ट्यावर एकाच खेळात गुंततात. उद्या एखाद्या कंपनीने रझाकार हा खलनायक आणि त्यास मारणारा वीर अमुक डायमंडांत, असा सौदा मांडला, तर आमच्या भागात त्याचे परिणाम पडद्यावर थांबणार नाहीत, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

कायदा काही अंशी जागा झाला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. नशिबाच्या पेटीचा मात्र त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ सालीच अशा विकत घ्याव्या लागणाऱ्या पेट्यांना जुगार ठरविले. ॲपल कंपनीनेही २०१७ पासून पेटीतून काय निघण्याचा संभव किती, हे जाहीर करणे आपल्या दुकानातील खेळांवर बंधनकारक केले आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलास टक्केवारीचा तो तक्ता दाखविणे म्हणजे संरक्षण, असे मला वाटत नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले, त्यांत खोटी घाई निर्माण करणे हाही एक आहे. ‘हा योद्धा आणखी दोनच तास उपलब्ध’ ही पाटी मुलापुढे धरणाऱ्या खेळांस तो नियम काटेकोरपणे लागू केला जावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांस पेटी विकण्यास सरळ मनाई व्हावी.

तेवढ्याने भागणार नाही, कारण मुलांना झुंज हवीच असते आणि आपल्या मातीतला वीरही हवा असतो. कर्नाटक सरकारचे ॲनिमेशन आणि गेमिंगविषयीचे २०२४ ते २०२९ पर्यंतचे धोरण आहे, कुशल मंडळी बंगळुरात आहेत, आणि अनुच्छेद ३७१ (जे) खालील कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ तर कलबुर्गीतच बसते. रस्ते आणि शाळाखोल्यांवर निधी वेचणाऱ्या या मंडळाने बीदर-कलबुर्गीच्या इतिहासावर एक खेळ करवून घ्यावा: कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चारही भाषांत, एकाच ठरीव आणि अल्प किमतीस, आत कसलीही पेटी न ठेवता. त्यात महमूद गवानाविरुद्धचा कट उलगडण्याचे काम खेळणाऱ्याकडे असावे, उदगीरच्या लढाईत रसद आणि तोफखाना सांभाळण्याचे असावे, आणि हरणारी बाजू घेऊनही खेळता यावे. मजकूर जाणत्या इतिहास-अभ्यासकांकडून तपासून घ्यावा, आणि सरकारी शाळांत हा खेळ विनामोबदला द्यावा. मंडळाच्या पुढील वार्षिक आराखड्यात ही बाब दाखल करण्याची मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्षभेद विसरून एका पत्राने करावी, आणि भालकी-औरादच्या मराठी पालकांनी ते पत्र त्यांच्याकडून लिहवून घ्यावे.