पाला कोणाच्या बांधावरचा?

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेबांचं ते बळीच्या शेळीचं आणि सिंहाचं वाक्य निळ्या रंगात रंगवलंय. त्याच भिंतीच्या बुडाशी खुंटी ठोकून माझी माय शेळ्या बांधते. पोरं हसतात. म्हणतात, सिंहाची अवलाद आपण, अन् शेळ्या कसल्या राखतोय? अरे, पण तुझी दहावीची फी कुणी भरली? बोकडानं भरली. बापाच्या दवाखान्याचे पैसे कुठून आले? पाठीवरून आले. ज्याला सातबारा नाही त्याची बँक चार पायांवर उभी असते, आणि उन्हाळ्यात ती उपाशी असते. म्हणून आज कवितेच्या पानावर चाऱ्याचं बोलतोय. ज्यांना हे अवाङ्मयीन वाटेल त्यांनी पान उलटावं.

सरकार आपल्याला शेळ्या देतं. दहा शेळ्या, एक बोकड, अनुसूचित जातीला पंच्याहत्तर टक्के अनुदान. फोटो निघतो. पण दहा शेळ्यांनी खायचं काय, हे विचारलं की हातात छापील पत्रक येतं. त्यात लिहिलेलं असतं : बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा लावा. साहेब, बांध कोणाचा? योजना भूमिहीनाची आणि सल्ला बांधवाल्याचा! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण पत्रक फेकून देऊ नका. त्यातलं शास्त्र खरं आहे, आणि ते आपल्या बाजूचं आहे.

कडब्याचं बघा. मराठवाड्यात चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. ज्याच्या रानात ज्वारी त्याच्याकडे गंज, आपण पेंढीवर विकत घेणार. त्या कडब्यात प्रथिनं किती? शंभराला तीन-चार. शेळीच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, तेच चारा कुजवतात, पचवतात. चाऱ्यात शंभराला सातएक तरी प्रथिनं नसली की हे जिवाणूच उपाशी मरायला लागतात. मग कडबा पोटात नुसता पडून राहतो. शेळीचं पोट टम्म, अंगावर मात्र फासळ्या. माय म्हणायची, "कडब्यानं पोट भरतंय, पर अंगी लागत न्हाई." ती शाळेत गेली नव्हती. प्रयोगशाळेनं नंतर तेच सांगितलं.

आता झाडाचा पाला घ्या. वाळवून मोजला तर सुबाभळीच्या पाल्यात प्रथिनं शंभराला वीस-बावीस, हादगा आणि शेवरी त्याच पंगतीतले. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा बारा-चौदाच्या आसपास. म्हणजे मालकाच्या गंजीपेक्षा रस्त्याकडेची काटेरी बोर तिप्पट मोलाची. हिशेब मांडून दाखवतो. तीस किलोच्या शेळीला दिवसाला किलोभर कोरडा चारा लागतो. नुसता कडबा दिला तर चाळीस ग्रॅमसुद्धा प्रथिनं धड मिळत नाहीत. सातशे ग्रॅम कडबा आणि किलोभर ओला सुबाभळीचा पाला (वाळून तो तीनशे ग्रॅम भरतो) दिला, तर नव्वदीच्या आसपास जातात. वर तोच कडबा आता पचायला लागतो, कारण जिवाणूंना खायला मिळालं. पेंडीचं पोतं न आणता. गाभण, दुभत्या शेळीला आणि वाढत्या करडाला याहून जास्त लागतं, तिथं तुरीचं भुसकट, भुईमुगाचा वाळका पाला, मूठभर भरडा जोडावा. दख्खनी मेंढीला मात्र पाल्यापेक्षा गवत प्यारं. ती खाली मान घालून चरते. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते. शेळीचं हे उभं राहणं मला फार आवडतं.

जपायचंही असतं. सुबाभळीत मायमोसीन नावाचं विष आहे. चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दिली तर केस गळतात, गळ्याला गाठ येते. ऑस्ट्रेलियात गुरांचं असंच व्हायचं. पण हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत! रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं 1980 नंतरच्या वर्षांत शोधून काढलं की त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणूच हे विष मोडतात. ते पोटातलं पाणी ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडलं, आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली. 1992 साली त्या जिवाणूला जोन्सचंच नाव जोडलं गेलं. आपल्या देशात आमच्या हातचं पाणी बाटत होतं, आणि तिकडं शेळीच्या पोटातल्या पाण्यानं गुरं वाचली. असो.

वेड्या बाभळीच्या शेंगा गोड, शेळ्या तुटून पडतात. त्या भरडून द्याव्यात. अख्ख्या दिल्या तर बी लेंडीतून जसंच्या तसं पडतं आणि पावसाळ्यात सगळ्या शिवारात काटा उगवतो. बाभळीच्या शेंगांत तुरटपणा फार, म्हणून बेतानं. आणि पाण्याविना सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत शेळी कधी सोडू नये. ती विषारी असते, तासाभरात जनावर आडवं होतं.

हे शिकायला दोन दिवस पुरतात. पाला मिळवायला मात्र जन्म जातो.

माझ्या लहानपणी माय एकदा बांधावरची बाभूळ हलवून शेंगा पाडत होती. शेंगा झाडाखाली कुजून जायच्या, मालकाला त्यांचा काही उपयोग नव्हता. तरी त्यानं शेळ्या हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. सोडवायला आठवड्याची मजुरी गेली. ज्या कायद्यानं जनावरं कोंडतात तो 1871 सालचा, गोऱ्या साहेबाचा. साहेब गेला, कोंडवाडा राहिला.

आणि आता चराईबंदी आली. आदर्श गाव व्हायचं तर कुऱ्हाडबंदी पाहिजे, चराईबंदी पाहिजे. मी आंधळा विरोध करत नाही. बंदी केली की गवत येतं, पाणी मुरतं, हे डोळ्यांनी दिसतं. पण मुरलेलं पाणी कोणाच्या विहिरीला जातं? ज्याला विहीर आहे त्याच्या. आणि बंदीचा उपास कोणाच्या शेळीला? ज्याला रान नाही त्याच्या. वर शेळीच्या माथी पाप : म्हणे शेळी जंगल खाते. शेळ्या-मेंढ्यांनीच जमीन उजाड होते याला ठोस पुरावा नाही, हे हनुमंतरावांच्या सरकारी कृतिगटानं 1987 सालीच सांगितलंय. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

राहता राहिलं गायरान. 6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या माणसांनी मार खात गायरानं वहितीला आणली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघणारी घरं अजून आहेत. सुप्रीम कोर्टानं 28 जानेवारी 2011 ला जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं, पण भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेले पट्टे अपवादात ठेवले. पहिलं वाक्य गावातल्या धनदांडग्यांना तोंडपाठ. दुसरं कोणालाच आठवत नाही.

इथं आपल्यातही एक गाठ आहे, ती लपवू नये. आपणच गायरान नांगरलं तर आपल्याच शेजारणीच्या शेळ्या कुठं चरणार? मेंढ्या घेऊन येणारा धनगर कुठं जाणार? गावचा पाटील याच भांडणाची वाट बघत असतो. मला विचाराल तर मुरमाड गायरानात दोन पोती ज्वारीसाठी झुरण्यापेक्षा कडेनं शेवरी-सुबाभळीच्या रांगा धराव्यात, मधे तूर घ्यावी. पाला शेजारणीलाही तोडू द्यावा. काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, झाडं लावली की वनखातं येईल आणि जमीन आपलं रोपवन म्हणून सांगेल. त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच आधी नाव सातबाऱ्यावर, मग झाड.

येत्या ग्रामसभेत आम्ही तीन गोष्टी लिहून देणार आहोत. चराईबंदीतलं गवत आधी भूमिहीनाला, कापून न्यायला, फुकट. रस्त्याकडेच्या आणि गावठाणातल्या बाभळींच्या शेंगांचा हक्क शेळीवाल्या बायांना. आणि दहा शेळ्या देणाऱ्या प्रत्येक योजनेसोबत गायरानातला वैरणीचा तुकडा, कागदावर नाव घालून.

मायला हा लेख वाचून दाखवला. सगळा ऐकून घेतला. म्हणाली, "वला पाला किलोभर म्हनलास न्हवं?" आणि आकडीची काठी घेऊन निघाली. तिच्या मागं मीही निघालो. बांध तोच होता.