पहिली तीन मिनिटे आणि उसने भय

भयपटाचा प्रारंभ म्हणजे त्याची जाहिरात, असे हल्ली सर्रास मानले जाते आणि दुर्दैवाने शिकवलेही जाते. पहिल्या तीस सेकंदांत प्रेक्षक दचकला नाही तर तो अंगठा फिरवून पुढच्या चित्रफितीकडे निघून जाईल. तेव्हा आधी दचकवा, गोष्ट मागाहून सांगा, असा हा उपदेश आहे. आमचा त्याला ठाम विरोध आहे. भयपटाची पहिली तीन मिनिटे हे एक विधान असते. जे भय आता सांगितले जाणार आहे ते कोणाचे, एवढेच त्या विधानात सांगायचे असते. ते खोटे ठरले तर पुढचा चित्रपट कितीही कौशल्याने चित्रित केलेला असो, उसनाच राहतो.

हा प्रश्न आमच्यापुढे तात्त्विक चर्चेतून आलेला नाही. चांदूर बाजार परिसरातील काही विद्यार्थ्यांनी लघु-भयपट करायचे ठरवले आणि 'भाषा तपासून द्या' म्हणून संहिता आम्हां मराठीच्या प्राध्यापकांकडे आणली. पुढे अशा आणखी काही संहिता आल्या. त्यांचे प्रारंभ एकमेकांसमोर ठेवले तर एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. रात्र, धुके, ड्रोनमधून दिसणारा पडका वाडा. घुबडाचा घूत्कार, दूर कोल्हेकुई. करकरत उघडणारे दार, पैंजणांचा आवाज, पांढऱ्या साडीतली मोकळ्या केसांची बाई, किंकाळी, आणि मग रक्तासारखी ओघळणारी लाल अक्षरे. हा वाडा कुठला, असे आम्ही एका गटाला विचारले. "असा वाडा आपल्याकडे नाही सर, पण भयपटात असतो," असे उत्तर आले. आमचे सारे भांडण या उत्तराशी आहे. उत्तर देणाऱ्या मुलाशी मुळीच नाही, कारण त्याला हेच शिकवले गेले आहे.

गंमत अशी की हा साचा विद्यार्थी समजतात तसा विलायती नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. त्यांत विकृत आवाज आहेत, भुताखेतांचे दर्शन आहे, कोल्हे आणि घुबडे आहेत, ओसाड घर आहे, अरण्य आहे. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांची बहुतेक सामग्री सुमारे दोन हजार वर्षे जुनी निघाली. परंतु भरताची यादी तेथे संपत नाही. स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, त्याविषयी ऐकणे, त्याची कथा कानांवर येणे, हेही विभाव तो त्याच दमात सांगतो. यादीचा पूर्वार्ध सर्वांनी उचलला, उत्तरार्ध कोणीच उचलला नाही. शून्यागार आले, स्वजन राहिले. ओसाड घर भयंकर कधी वाटते? तेथे आपले कोणी राहत होते हे ठाऊक असते तेव्हा. ज्या वाड्याशी आपला काडीचा संबंध नाही, तो पडका असला काय आणि धडका असला काय! तेथे आपण दचकू, भिणार नाही. दचकणे हे शरीराचे काम आहे. भिण्यासाठी आधी काहीतरी जिवापाड जपलेले असावे लागते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. उसने घेण्यात गैर ते काय? साहित्य तर उसनवारीवरच चालते. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही मराठीतच सापडते. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटामागे नारायण धारप यांची 'आजी' ही कथा आहे, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवर आधारलेली आहे. अमेरिकेतली म्हातारी धारपांच्या हातून मराठी घरात आली आणि तेथून तुंबाडच्या पावसात पोचली. ही उसनवारीच होय. पण त्या चित्रपटाचा प्रारंभ आठवून पाहावा. प्रारंभी एक बाप आपल्या मुलाला हस्तरची गोष्ट सांगतो. त्यानंतर १९१८ सालातले घर येते, आई येते, दोन मुलगे येतात, आणि साखळदंडाने बांधलेली म्हातारी येते, जिला वेळेवर जेवू घालावे लागते. भरताची राहून गेलेली अर्धी यादी येथे जशीच्या तशी हजर आहे: ऐकलेली कथा आणि बंधनातले स्वजन. किंकाळीच्या आधी नाते उभे राहिले आहे. उसने घेतलेले भय असे फेडावे लागते. नुसते वापरून चालत नाही.

मग चांदूर बाजारचे भय कोणते? विद्यार्थ्यांना हे विचारले की ते आधी हसतात आणि मग बोलू लागतात. गावठाणाला पांढरी आणि शेतशिवाराला काळी म्हणणारा हा मुलूख आहे. पांढरीवर गढी असते. वाड्यासारखी ती दिमाखाने पडत नाही, पावसागणिक विरघळत जाते. काळीत चकवा असतो. पायाखालची, रोजची वाट माणसाला रात्रभर त्याच धुऱ्यावर फिरवते आणि पहाटे जेथून निघाला तेथेच आणून सोडते. भुताचा वेळ फक्त मध्यरात्रीचा, ही समजूतही येथे टिकत नाही. वैशाखातल्या भर दुपारी गल्ल्या ओस पडलेल्या असतात, जमिनीला भेगा गेलेल्या असतात आणि मुलांना विहिरीकडे फिरकू न देण्याचा धाक घरोघरी असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातली ती निर्जनता धुक्यापेक्षा कितीतरी भयाण आहे, आणि तिच्यासाठी धूर सोडणारे यंत्र भाड्याने आणावे लागत नाही. तालुक्याचे दैवत पाहावे तर बहिरम, म्हणजे भैरव. भय ज्याच्या नावातच आहे असा सातपुड्याच्या पायथ्याचा क्षेत्रपाळ. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याच्या यात्रेला जाऊन लोक हंडीतले मटण आणि रोडगे खातात. भयाशी पंगतीला बसण्याची ही रीत ज्या मुलांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांनी घुबडाच्या ध्वनिमुद्रित आवाजावर विसंबावे, याला दारिद्र्य म्हणावे की अवसानघात?

नुसत्या टीकेवर न थांबता आम्ही एका गटाबरोबर प्रारंभाचा पर्यायी आराखडा केला. तो येथे मांडतो, कारण आमचा मुद्दा त्यात अधिक स्पष्ट होतो. शेतीपंपांना वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. सौर पंपांनी आता काहींची झोप वाचवली असली तरी रात्रीचे ओलित हा येथल्या घराघराचा अनुभव आहे. साप, विजेचा झटका, एकटेपण आणि 'अजून कसे आले नाहीत' म्हणून जागी असलेली घरची माणसे, हे सारे त्यात आले. तर दृश्य असे: संत्र्याची बाग, पूर्ण काळोख, नुसते रातकिडे. दीर्घकाळ काहीही घडत नाही. मग वीज येते आणि ऑटोवर ठेवलेली मोटर आपोआप सुरू होते. येथवर कोणालाही नवल वाटणार नाही. पाणी दांडातून धावू लागते. कॅमेरा जमिनीलगत पाण्याबरोबर चालतो. एका झाडाचे आळे भरते. आता कोणीतरी फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या झाडाकडे वळवले पाहिजे. बागेत कोणी नाही. आणि पाणी वळते. दुसरे आळे भरते. पाणी पुन्हा वळते. पहाटे मुलगा येतो, ओली आळी पाहतो आणि धुऱ्यावरूनच घराकडे ओरडून विचारतो, "माय, पानी कोनं वळवलं वं?" घरातून उत्तर येत नाही. येथे शीर्षक.

या तीन मिनिटांत ना किंकाळी आहे, ना रक्त. तोदोरोव्हने १९७० साली अद्भुताची जी कसोटी सांगितली, म्हणजे नैसर्गिक कारण आणि अतिनैसर्गिक कारण यांच्यामध्ये वाचकाचे अडखळणे, ती मात्र येथे पुरी होते. शेजाऱ्याने पाणी वळवले असेल का? उंदराने बांध पोखरला असेल का? आणि ज्याने वळवले त्याला प्रत्येक झाडाची तहान कशी ठाऊक? हा शेवटचा प्रश्न मनात आला की भय आणि करुणा यांच्यामधली भिंत पातळ होते. जो कोणी तेथे आहे तो घरचाच आहे.

मुलाच्या तोंडच्या त्या एका वाक्यावर बराच वाद झाला. मूळ संहितेत सारे संवाद प्रमाण मराठीत होते. कारण विचारले तर सांगण्यात आले की वऱ्हाडी बोलली की लोक हसतात. हे निरीक्षण खोटे नाही. रंगमंचाने आणि दूरचित्रवाणीने वऱ्हाडीला विनोदाच्या कामावर इतके जुंपले आहे की तिला भ्यायचा अधिकारच उरलेला नाही. परंतु उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक याच बोलीत संसार ओढते आणि तिला हसण्याची कोणाची छाती होत नाही. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ज्या पूर्णेला 'पूर्णामाय' म्हणून कादंबरीच्या शीर्षकात बसवले, ती याच तालुक्यातून वाहते. माणूस घाबरला की त्याची प्रमाणभाषा आधी पळते. भयाच्या क्षणी पुस्तकी मराठी बोलणारे पात्र भ्यालेले नसते. ते पाठांतर म्हणत असते.

आता या साऱ्यातल्या सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. एका संहितेचा प्रारंभ शेतातल्या कडुलिंबाला टांगलेल्या दोरीने होत होता. पुढे तोच शेतकरी भूत होऊन गावाला छळतो, अशी कल्पना. मुलांच्या मते हे 'आपल्या मातीतले भय' होते, आणि आम्ही मातीचा आग्रह धरत असल्यामुळे आमची कोंडी झाली असे त्यांना वाटले. कोंडी झालेली नाही. राज्य शासनाने २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या काळात कॅमेरे घरोघर फिरले, आणि हातात तसबीर घेऊन बसलेल्या बायका साऱ्या देशाने पाहिल्या. आता त्याच मृताला भूत करून उभे करायचे? ज्याला मारले गेले तोच भेसूर ठरतो, आणि ज्या गोष्टीने त्याला मारले ती पडद्याबाहेर सुखरूप राहते. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी ती दोरी खरोखर येऊन गेलेली आहे. त्यांनी पहिल्या बाकावर बसून हा चित्रपट पाहावा, अशी अपेक्षा आपण करणार आहोत का?

पांढऱ्या साडीतल्या बाईचेही तेच. हडळ म्हणजे लोकसमजुतीप्रमाणे बाळंतपणात दगावलेली स्त्री. ज्या जिल्ह्यातल्या मेळघाटचा बालमृत्यू आणि मातामृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून उच्च न्यायालयापुढे येत राहिला, त्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिला दचकवण्याच्या कामावर ठेवावे, यात भीषण काही असेल तर ते त्या बाईच्या चेहऱ्यावर नाही. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) याबाबतीत शहाणा ठरतो. उसाच्या फडातली ती भुते अन्यायाने मेलेली आहेत हे तो विसरत नाही, आणि खरे भय जिवंत माणसांच्या घरात ठेवतो. आमचा नियम साधा आहे: मृताला भेसूर करू नका. तो का मेला, ते भेसूर करा. पाणी वळवणारा जो कोणी आमच्या आराखड्यात आहे त्याने कोणाला छळू नये. त्याने फक्त काम संपवू नये. एवढे पुरेसे भयंकर आहे.

शेवटी आमच्याच व्यवसायबंधूंविषयी. भयकथा म्हणजे रंजन, तिचा अभ्यास तो काय करायचा, अशी नाके मुरडणारा एक वर्ग मराठी विभागांत आहे. धारप आणि मतकरी यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या जागवल्या. पण त्यांच्यावर विषय मागणाऱ्या विद्यार्थ्याची 'काहीतरी गंभीर घ्या' अशी बोळवण होते. दुसरा वर्ग विवेकवादाच्या नावाने बोलतो. भुताची गोष्ट सांगणे म्हणजे अंधश्रद्धा पसरवणे, आणि आता तर कायदाही आहे, असे तो बजावतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या त्या कायद्याविषयी आम्हांला आदरच आहे. त्याचा रोख मात्र अघोरी कृत्ये, त्यांच्या नावाने होणारी फसवणूक आणि त्यांचा प्रचार यांवर आहे. गोष्टीतल्या भुतावर नाही. मांत्रिकाला नायक करणारी संहिता आम्हीही परत पाठवू. पण माणसाला कशाची भीती वाटते हे बोलूच द्यायचे नाही, हा विवेक नव्हे. ज्या भयाला गोष्ट मिळत नाही ते मांत्रिकाच्याच दारात जाते.

या दोन्ही वर्गांनी हात झटकले म्हणून पोकळी निर्माण झाली, आणि तिच्यात तीस सेकंदांचा उपदेश करणारे शिरले. विद्यार्थी संहिता घेऊन येतात तेव्हा त्यांना कोणीतरी वाचणारा हवा असतो. त्यांच्या पहिल्या पानावरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून आपण मोकळे होणार असू, तर त्या पानावरच्या घुबडाला त्यांच्याइतकेच आपणही जबाबदार आहोत. शुद्धलेखन मागाहून पाहता येईल. आधी विचारावे, की बाळांनो, यातले तुमच्या घरचे कोण आहे?