चरित्रपटातली उसनी जखम

परवा ‘द सोशल नेटवर्क’ हा २०१० सालचा चित्रपट मुलीबरोबर पुन्हा पाहिला. डेव्हिड फिंचरचे दिग्दर्शन, एरॉन सॉर्किनची पटकथा. पटकथा, संकलन आणि संगीत अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली, ती रास्तच होती. आरंभीच प्रेयसी एरिका मार्क झुकरबर्गला झिडकारते. अखेरीस अब्जाधीश झालेला मार्क तिलाच मैत्रीची विनंती पाठवून संगणकासमोर ताटकळत बसतो.

‘‘बिचारा!’’ मुलगी म्हणाली.

मला खटकले ते इथेच. एरिका हे काल्पनिक पात्र आहे. हार्वर्डमध्ये भेटलेली आणि २०१२ साली झुकरबर्गची पत्नी झालेली प्रिसिला चॅन मात्र चित्रपटात कुठेच नाही. भागीदार एदुआर्दो सॅव्हरिनशी झालेले भांडण खरे, विंकलव्हॉस बंधूंचा दावाही खरा. एवढे नाट्य पुरेसे नव्हते काय?

यशामागे जखम असली की आपल्याला माणूस कळल्यासारखा वाटतो. पण त्या जखमेवर फुंकर घालता घालता खरा प्रश्न निसटतो. २००३ साली त्याने विद्यार्थिनींची छायाचित्रे परवानगीविना ‘फेसमॅश’वर मांडली. चित्रपटात ते प्रेमभंगाचे खूळ ठरते. दुसऱ्याची माहिती न विचारता वापरण्याचा हक्क कोणी दिला, हे विचारायचे राहूनच जाते.

‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) ऑर्सन वेल्सने वृत्तपत्रसम्राट हर्स्टची छाया घेतली, नाव नाही. कल्पनाच करायची, तर नावही कल्पनेतलेच घ्यावे. खरे नाव घेतले, की खऱ्याची जबाबदारीही घ्यावी लागते.