एका रात्रीचा मुक्काम : माथेरान कीं खंडाळा-लोणावळें?

शनिवारीं सकाळीं निघावयाचें, रविवारीं दिवेलागणीस घरीं परतावयाचें आणि मध्यें एकच रात्र डोंगरावर काढावयाची, एवढी सवड गिरगांवांतील बहुतेक कुटुंबांना वर्षांतून एकदोनदां तरी मिळते. मग घरांत वाद सुरू होतो. तरुण मंडळी माथेरान म्हणतात, लेंकुरवाळ्या सुनांचा कल लोणावळ्याकडे असतो, आणि वडील माणसांना विचारलें तर "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतों" असें सांगून तीं मोकळीं होतात. या शेवटच्या उत्तराकडे कर्त्या मंडळींचें लक्ष सहसा जात नाहीं. आजी-आजोबा हौसेनेंच मागें राहत आहेत असें आपण समजतों. वास्तविक गुडघे, चढ आणि रात्रीं-अपरात्रीं उठण्याची सोय यांचा हिशेब मनाशीं करूनच पुष्कळ वेळां तें उत्तर आलेलें असतें. म्हणून गांवांची निवड करण्यापूर्वीं बरोबर कोणकोण येणार हें ठरवावें, असें आमचें मत आहे. सामान्यतः याच्या नेमका उलट क्रम चालतो.

तिन्ही गांवें एकाच लोहमार्गाच्या आसपास आहेत. कर्जतच्या अलीकडे नेरळास उतरलें कीं माथेरान. कर्जतच्या पुढें बोरघाट चढून गेलें कीं खंडाळा, आणि त्याला लागूनच लोणावळें. बोरीबंदराहून नेरळ सुमारें ८७ किलोमीटर आणि लोणावळें सुमारें १२८ किलोमीटर. आंकडे पाहतां माथेरान जवळचें वाटतें. परंतु गाडी लोणावळ्यास पोंचते तेव्हां प्रवास संपलेला असतो, आणि नेरळास पोंचते तेव्हां तो अर्धा उरलेला असतो. गिरगांवकरांची एक अडचण मात्र अलीकडे पुष्कळ कमी झाली आहे. चर्नी रोडला गाडींत बसून दादरच्या पुलावरून बोंचकीं आणि मुलें सांवरीत मध्य रेल्वेकडे धांवण्याचें कारण उरलेलें नाहीं. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगांवांतून भुयारी मेट्रो सुरू झाली असून काळबादेवीच्या पुढचेंच स्टेशन छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसचें आहे.

स्थळांची तुलना करतांना लोक 'पॉइंट' मोजीत बसतात. माथेरानास इतके, खंडाळ्यास तितके! पॉइंट पाहणें हें दिवसाचें काम आहे. सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतणारासहि ते पाहतां येतात. आपण रात्रीचे पैसे मोजतों ते संध्याकाळ, रात्र आणि पहाट या तीन गोष्टींसाठीं. तेव्हां सूर्य मावळल्यावर तें गांव कसें असतें, एवढेंच पाहावें.

लोणावळ्याची संध्याकाळ ही बाजाराची संध्याकाळ. चिक्कीच्या दुकानांपुढें गर्दी, रस्त्यावर मोटारींची रांग, आणि तीच मुंबई-पुण्याची माणसें! २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाल्यापासून अर्धें पुणें आणि अर्धी मुंबई एकाच शनिवारीं तेथें येऊन पोंचते, आणि घाटांत मोटारींचा खोळंबा झाला कीं दोन-अडीच तासांचा रस्ता पांच तासांवर जातो. आगगाडीनें जाणारास हा ताप नाहीं. पण लोणावळ्याची निंदा करणें सोपें, आणि घरांत आठ महिन्यांचें मूल किंवा हृदयविकाराचा रोगी असतांना लोणावळ्याइतकें निर्धास्त दुसरें ठिकाण नाहीं. डॉक्टर, औषधाचें दुकान, रात्रीं मिळणारें गरम दूध, दारापर्यंत येणारी रिक्षा, यांचें मोल रात्रीं अकराला कळतें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं स्थापिलेलें कैवल्यधामहि येथलेंच. रविवारची सकाळ हाताशीं असल्यास एकच स्टेशन पुढें मळवलीस उतरून भाज्याचीं लेणीं पाहून येतां येतें. कार्ल्याचें चैत्यगृह अधिक भव्य, पण तेथें आणि भाज्यासहि पायऱ्या आहेत, हें आजीबाईंना आधींच सांगावें.

खंडाळा हा लोणावळ्याचाच शेजार, चार-पांच किलोमीटरांवरचा. बहुतेक मोठ्या गाड्या लोणावळ्यास थांबतात, म्हणून तेथें उतरून रिक्षेनें मागें यावें लागतें. एवढ्याशा अंतरानें संध्याकाळ मात्र पालटते. खंडाळा घाटमाथ्याच्या अगदीं कडेवर आहे. समोर दरी, डावीकडे-उजवीकडे कातळ, नागफणीचें टोंक, आणि खालून घाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज. कर्जतला गाडीस मागून जोर देणारीं इंजिनें जोडतात, कारण या घाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका खडा आहे. सुमारें १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची गांठणारा हा मार्ग १८५६ सालीं बांधावयास घेतला आणि १८६३ सालीं खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेलनें, तें कंत्राट स्वतःकडे ठेवून जाणत्या इंजिनियरांकरवीं तडीस नेलें. या कामावर हजारों मजूर रोगराईनें आणि अपघातांनीं मेले. त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. खंडाळ्यास व्हरांड्यांत बसून गाड्यांचे दिवे बोगद्यांत शिरतांना पाहावे आणि मुलांना ही हकीकत सांगावी. जेवण होईपर्यंतचा वेळ सहज जातो. झोंप अतिशय हलकी असणारांनीं मात्र लोहमार्गापासून दूरची जागा घ्यावी.

आतां माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालच्या मे महिन्यांत तेथें चढून गेला, आणि १९०७ सालीं पीरभॉय कुटुंबानें बांधलेली दोन फूट रुंदीची छोटी आगगाडी वर पोंचली. उंची सुमारें २,६०० फूट, म्हणजे लोणावळ्याहून पांच-सहाशें फूट अधिक. परंतु माथेरानचें वैशिष्ट्य उंचींत नाहीं. तेथें मोटार नाहीं. सर्व मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर राहते. संध्याकाळीं दिवसापुरते आलेले लोक उतरूं लागले, घोड्यांच्या टापा थांबल्या, कीं जी शांतता उतरते ती आमच्या ठाकुरद्वारच्या मुलांना आरंभीं भीतीचीच वाटते. तांबड्या मातीच्या वाटेवर एकमेकांचा हात धरून चालावें लागतें. दिवे थोडे, आणि म्हणून तारे पुष्कळ. निरभ्र रात्रीं पश्चिमेच्या कड्यांवरून मुंबईच्या बाजूचे दिवे लुकलुकतांना दिसतात. एका रात्रीच्या मुक्कामाचें सार्थक या तिन्ही गांवांत सर्वांत अधिक येथेंच होतें, हें आम्ही बेलाशक म्हणूं. बाजारांत फिरतांना मुलांना हेंहि सांगावें कीं वीर भाई कोतवाल याच गांवीं १ डिसेंबर १९१२ रोजीं जन्मले आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हुतात्मा झाले.

अडचण आहे ती त्या अडीच-तीन किलोमीटरांची. छोट्या गाडीनें नेरळाहून सरळ वर जावें तर २१ किलोमीटरांस अडीच तासांहून अधिक लागतात आणि दिवसाकाठीं फेऱ्या मोजक्याच. एका रात्रीच्या सहलींत चढतांना तो वेळ देणें आम्हांस परवडत नाहीं. भाड्याच्या मोटारीनें दस्तुरीस जावें आणि लगतच्या अमन लॉज स्टेशनावरून मधली छोटी गाडी धरावी, हा मार्ग बरा. पण शनिवारीं तिकिटांस रांग असते. राहिले घोडा, पाय आणि हातरिक्षा. या हातरिक्षेवरून कित्येक घरांत मतभेद झालेले आहेत. माणसानें माणसास ओढावें हें नातवांस पाहवत नाहीं, आणि आजीस चालवत नाहीं. दोघांचेंहि म्हणणें खरें. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा माणुसकीस सोडून असल्याचें सांगून सहा महिन्यांच्या आंत ती बंद करावी, आणि ओढणाऱ्यांच्या चरितार्थासाठीं विजेवर चालणाऱ्या रिक्षा द्याव्या, असा आदेश दिला. ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत त्यांनीं जागा राखून ठेवतांनाच विजेच्या रिक्षा किती वाजेपर्यंत चालतात आणि उतरण्याच्या ठिकाणापासून खोली किती पावलांवर आहे, हे दोन प्रश्न हॉटेलवाल्यास स्पष्ट विचारावे. "जवळच आहे" हें उत्तर घेऊं नये.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जून ते ऑक्टोबर नेरळची गाडी बंद असते, वाटा निसरड्या होतात, आणि माथेरानच्या धुक्यांत दहा हातांवरचें दिसत नाहीं. त्या दिवसांत कुटुंबासह खंडाळाच बरा. पण पावसाळ्यांतल्या घाटमाथ्यास कोणी गरीब समजूं नये. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील ओढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण पाहतां पाहतां वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. वर डोंगरावर पाऊस पडला कीं घोट्याइतकें पाणी कांहीं मिनिटांत कमरेइतकें होतें, आणि हातांत हात धरलेली सांखळी अशा वेळीं सर्वांनाच ओढून नेते. मुलांचे हट्ट पुष्कळ पुरवावे. वाहत्या ओढ्यांत उतरण्याचा पुरवूं नये.

आमचा कौल विचाराल तर असा आहे. नोव्हेंबर ते मे या काळांत, घरांतील सर्वांत अशक्त माणसाची वर जाण्याची सोय आधीं लागत असेल तर माथेरान. ती लागत नसेल, तर त्या माणसाला मागें ठेवून माथेरान गांठण्यापेक्षां त्याला घेऊन खंडाळ्यास जावें. लोणावळ्यास मुक्काम तान्ह्या मुलासाठीं किंवा आजाऱ्यासाठींच करावा; एरवीं तेथें जेवून, चिक्की घेऊन पुढें निघावें.

माथेरान ठरलेंच तर सामान हातांत मावेल एवढेंच न्यावें, विजेरी विसरूं नये, आणि फराळाचा डबा झांकून ठेवावा, कारण तेथील माकडें लाडवांना आणि केळ्यांना सारखाच मान देतात. रविवारीं जेवण साडेअकराला उरकून उतरावयास लागावें. चारनंतर दस्तुरीवर मोटारींसाठीं रांग लागते, आणि नेरळाहून बसावयास जागा मिळेल अशी लोकल दुपारींच सांपडते.