फॉर्मचे रकाने कोण ठरवतो?

२०२५ च्या अखेरीस राज्याचे मुख्य सचिव झालेले राजेश अग्रवाल खानदेशाला नवे नाहीत. जळगावचे जिल्हाधिकारीपद त्यांनी सांभाळले आहे. आयआयटी दिल्लीत संगणकशास्त्र शिकून ते १९८९ च्या तुकडीतून आयएएसमध्ये आले. पुढे ते राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव झाले आणि त्याच काळात आधार नोंदणी महाराष्ट्रभर पसरली. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबारच्या टेंभली गावात दिले गेले.

ही कारकीर्द आपल्या तरुणांनी नीट पाहावी. संगणक शिकला की पुण्याच्या कंपनीत नोकरी, एवढेच आपल्या घरांत ठरलेले असते. पण अर्जात कोणते रकाने असावेत, कोणती चूक चालावी आणि कोणत्या चुकीने अर्ज बाद व्हावा, हे मंत्रालयातल्या मोजक्या खुर्च्या ठरवतात.

त्याची झळ आपल्याला रोज लागते. शाळेच्या दाखल्यावर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मो. शेख'. उर्दूतल्या एकाच नावाची इंग्रजीत तीन स्पेलिंगं. अम्मीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बानो'. समोरचा माणूस ओळखीचा असला तर कारकून समजून घ्यायचा. संगणकाला अक्षर जुळले नाही की माणूसच वेगळा! मग शिष्यवृत्ती अडते. यात दर वेळी कुणाचा आकस असतोच असे नाही. अशी नावे ज्याच्या घरात आहेत, असा माणूस बहुतेक वेळा त्या टेबलावर नसतो. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के, आयएएसमध्ये मात्र ३ टक्के.

म्हणून दोन कामे. पहिले आजच करा. घरातले सगळे दाखले एका चादरीवर मांडा आणि प्रत्येकाचे नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. धाकट्या भावंडांची दुरुस्ती ती शाळेत असतानाच करून घ्या. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते. कुठलाही दाखला मागताना अर्जाची पोच घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेल्या सेवांना मुदत आहे आणि अपीलही आहे.

दुसरे काम लांबचे आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून संगणक शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एमपीएससी, यूपीएससीचा विचार मनावर घ्यावा. रांगेत उभे राहून फॉर्म दुरुस्त करत राहणे ही आजची गरज आहे. तो फॉर्म तयार करणाऱ्यांमध्ये आपणही असणे, हा आपला हक्क आहे.