सिद्धार्थ देसाईची किंमत नेमकी कुणी ठरवली?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. कबड्डीचा आहे, पण शेवटी पगाराचाच आहे.

आपल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. त्याला 'बाहुबली' म्हणत टीव्हीवाले थकत नव्हते. त्याचे प्रो कबड्डीच्या लिलावातले आकडे एकाखाली एक मांडून बघा. 2018 ला यू मुंबाने 36.4 लाखांत घेतला. पहिल्याच मोसमात पोरानं दोनशेच्या वर गुण काढले. 2019 ला तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजले. 2021 ला 1.30 कोटी. त्या मोसमात दुखापत झाली आणि 2022 ला त्याच संघानं त्याला घेतलं 20 लाखांत. पुढच्याच वर्षी हरियाणा स्टीलर्सने 1 कोटी दिले!

आता मला सांगा, तीन वर्षांत 1.30 कोटी, 20 लाख, 1 कोटी. माणूस तोच. एवढी घसरगुंडी आपल्या ऊसदरालासुद्धा होत नाही राव.

यात सिद्धार्थला कुणी काही विचारलं का? लिलावात खेळाडूचं तोंड बंद असतं. कुठल्या संघाच्या खिशात त्या दिवशी किती शिल्लक आहे आणि त्याचं नाव कितव्या नंबरला पुकारलं गेलं, यावर बरंच काही ठरतं. त्यात परत तो एफबीएमचा नियम आहे. दुसऱ्यानं लावलेली शेवटची बोली जुना संघ तेवढ्याच रकमेत उचलू शकतो. म्हणजे कुठं खेळायचं हेही खेळाडूच्या हातात नाही.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये काय करतात ते वाचलं आणि मला पहिली आठवण आली ती शिरोलीच्या हायवेची. सांगतो का ते.

तिकडं पहिली साधारण तीन वर्षं खेळाडू संघाच्या मुठीत असतो, पगार किमान दराच्या आसपास. सहा वर्षं भरली की मोकळा, जाईल तिकडं. मधल्या तीन वर्षांसाठी मात्र लवाद आहे. पगारावर एकमत झालं नाही, तर खेळाडू एक आकडा लिहून देतो, संघ दुसरा. तिघांचं पंचमंडळ दोघांचं ऐकतं आणि दोनपैकी एकच आकडा उचलतं. मधला आकडा काढायची परवानगीच नाही! 2024 ला टोरांटोच्या व्लादिमीर गरेरो ज्युनियरनं 1 कोटी 99 लाख डॉलर मागितले, संघ 1 कोटी 80.5 लाखांवर अडला. पंचांनी खेळाडूचा आकडा धरला, विषय संपला.

आता शिरोली. नोव्हेंबर 2023 ला स्वाभिमानीनं मागच्या हंगामाच्या उसाला टनाला 400 रुपये जादा मागितले, कारखानदार काही द्यायला तयार नव्हते. शेवटी पंचगंगा पुलाजवळ हायवे अडवला, तेव्हा कुठं 100 आणि 50 रुपयांवर मिटलं. शेवटी मधलंच काहीतरी निघणार हे माहीत असलं की मागणारा चढवून मागतो, देणारा पाडून बोलतो. त्यात कुणाची चूक म्हणत नाही मी, रीतच तशी पडलीय. बेसबॉलमध्ये मात्र अवाच्या सवा आकडा लिहिला की पंच समोरच्याचा आकडा उचलणार, ही भीती दोघांनाही असते. म्हणून दोघं आपोआप जवळ येतात. बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. 2024 साठी हुआन सोटोचे 3 कोटी 10 लाख डॉलर असेच सुनावणीशिवाय ठरले. कारण सारख्या अनुभवाच्या, सारख्या कामगिरीच्या खेळाडूंना काय मिळालं, हे सगळ्यांच्या समोर असतं.

सगळं गोड आहे असंही नाही. सुनावणीत संघाचा वकील खेळाडूच्या तोंडावर त्याचे दोष वाचतो. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स 2023 ला असाच हरला, फरक होता जेमतेम साडेसात लाख डॉलरचा, पण मन दुखावल्याचं तो उघड बोलला. वर्षभरात दुसऱ्या संघात गेला. आपल्याकडं तर असल्या सुनावणीनंतर भावकीच फुटायची.

पण हे तिथं कुणी दानात दिलेलं नाही. खेळाडूंची युनियन होती, मार्विन मिलरसारखा माणूस तिच्या डोक्याशी होता, म्हणून 1974 पासून लवाद सुरू झाला. आपल्याकडं? क्रिकेटपटूंची संघटना 2019 ला झाली, तीही निवृत्तांची. खेळतोय त्याची नाही. कबड्डीचं तर विचारूच नका.

लिलाव वाईटच, असं माझं म्हणणं नाही. लिलाव नसता तर हुंदळेवाडीच्या पोराला कोटभर रुपये कोण देणार होतं? आधीच्या पिढीनं रेल्वेत नाहीतर पोलिसात नोकरी लागली की देव पावला म्हणून समाधान मानलं. पण जो खेळाडू दोन-तीन मोसम खेळलाय आणि त्याच संघात राहायला तयार आहे, त्याला एक आकडा लिहून द्यायचा हक्क का नसावा? दुखापतीच्या वर्षी पगार अमुक टक्क्यांच्या खाली उतरणार नाही, एवढी अट जरी घातली तरी पुष्कळ झालं. वर्षाला एकदा तीन पंच बसवायला फ्रँचायझींचं असं काय दिवाळं निघणार आहे?

चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडं आज शेकडो पोरं पहाटे उठून चढाया मारतायत. ज्यांच्या घरात, गल्लीत असा कुणी करार केलेला खेळाडू आहे, त्यांनी कमेंटमध्ये सांगा: करारावर सही करताना त्याला रक्कम विचारली होती, की नुसती सांगितली होती?